उष्णता कुठे जाणार? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सविस्तर आणि आडपडदा न ठेवता लिहिलेल्या प्रतिक्रियेबद्दल आभार. नंतर येणाऱ्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. अंतराळयुद्धाच्या कथांवरच्या लेखात मी उष्णता, इंधन आणि अंतर यांचे जे आकडे दिले, त्यांच्याखाली गोष्ट गुदमरते. परग्रहवासी आपल्यापेक्षा हजारो वर्षं पुढे असतील, तर त्यांना आपलं भौतिकशास्त्र लावणं हास्यास्पद आहे. आणि लढाई संगणकच लढणार असेल तर क्रू हवा कशाला? कॅप्टन नुसता हिशेबनीस उरतो. शिवाय एक उदाहरण दिलंत: सगळी यंत्रं बंद करून लघुग्रहाच्या आड दबा धरून बसलेलं यान. हा प्रसंग सगळ्यांना आवडतो, पण माझ्या नियमांत तो बसत नाही, असं तुमचं म्हणणं.

बसतो की! तिथूनच सुरुवात करू.

माणसं जगतील इतकं उबदार यान म्हणजे साधारण २९० केल्विन (सुमारे १७ अंश सेल्सिअस). या तापमानाचा पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे सुमारे ४०० वॅट इतका अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, उष्णतेचा) प्रकाश बाहेर टाकतो, आणि मागचं आकाश असतं २.७ केल्विनचं. इंजिन बंद केलं तरी हा उजेड बंद होत नाही. लघुग्रहाच्या आड तो झाकला जातो, पण एका दिशेपुरताच. शत्रूने बाजूला दोन-चार टेहळणी यानं सोडली की आडोसा संपला. म्हणून रेडिएटर (यानाची उष्णता बाहेर फेकणारे पसरट पंख) मिटायचे, कवच थंड ठेवायचं आणि आतली उष्णता आतच कुठेतरी साठवायची. कुठे? समजा, यानात १०० टन पाणी आहे. ते १० अंशांवरून ९० अंशांवर न्यायला सुमारे ३३ गिगाज्यूल लागतात. आता समजा अणुभट्टी १४० मेगावॅट औष्णिक क्षमतेची आहे. ४० मेगावॅट वीज मिळते, १०० मेगावॅट टाकाऊ उष्णता निघते. (ती वीजही वापरल्यावर बहुतेक उष्णताच होते, ते तूर्त सोडू.) रेडिएटर मिटून भट्टी पूर्ण ताकदीवर चालवली, तर ते पाणी साडेपाच मिनिटांत ९० अंशांवर जातं. पुढे उकळू दिलंत तर आणखी सदतीस-अडतीस मिनिटं मिळतात, पण वाफ बाहेर सोडावी लागते, आणि वाफेचा ढग म्हणजे शत्रूला दिलेला पत्ताच.

मग भट्टी बंद करा, असं तुम्ही म्हणाल. विखंडनाची, म्हणजे अणू फोडून ऊर्जा देणारी भट्टी बंद केली म्हणजे थंड झाली असं होत नाही. बराच काळ चाललेली भट्टी बंद केल्याच्या क्षणी मूळ औष्णिक शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता देतच असते, तासाभराने साधारण दीड टक्का, दिवसभराने अर्धा टक्का. २०११ साली फुकुशिमात भूकंप होताच चालू भट्ट्या बंद झाल्या होत्या. त्सुनामीने शीतकरणाची वीज गेल्यावर घात केला तो याच उरलेल्या उष्णतेने. आपल्या यानात ती पहिल्या तासातच पाण्याची तिसरा हिस्सा क्षमता खाऊन टाकते. म्हणजे दबा धरून बसायला मिळतात चार-पाच तास, आणि त्या काळात क्रू बॅटरीवर, कमीत कमी पंख्यांवर. पाण्याच्या टाकीचं तापमान हेच या प्रकरणातलं घड्याळ.

त्यातही खरी गंमत पुढे आहे. समजा त्या भट्टीच्या रेडिएटरच्या नळ्यांतून उष्णता वाहून नेणारा द्रवरूप सोडियम धातू फिरतो. सोडियम ९८ अंश सेल्सिअसखाली गोठतो. चार तास मिटून ठेवलेल्या, सावलीत गारठलेल्या नळ्यांत तो घट्ट बसलेला असतो. शत्रू दिसला, कॅप्टनने 'रेडिएटर उघडा, भट्टी चालू' असा हुकूम सोडला, आणि पंपापुढे द्रव नाहीच! आधी विजेच्या हीटरने नळ्या टोकापासून टोकापर्यंत वितळवाव्या लागतात, तेही क्रमाने. मधलाच भाग आधी वितळला तर फुगणाऱ्या धातूला जायला जागा नसते आणि नळी फुटते. सोडियम-पोटॅशियमचं मिश्रण घेतलं तर ते शून्याखाली १२ अंशांपर्यंत द्रव राहतं, पण सावलीत पडलेलं रेडिएटर त्याहून कितीतरी खाली जातं. हा सगळा प्रसंग त्या आकड्यांनीच दिला. आकडे काढून टाका. उरतो एक अंधारा नियंत्रणकक्ष आणि घाम पुसणारी माणसं, जे आपण शंभरदा वाचलंय.

आता परग्रहवासी. त्यांना हवं ते तंत्रज्ञान द्या, माझी हरकत नाही. पण दिलेल्या सवलतीची किंमत तुम्ही वसूल करायला हवी. समजा त्यांचं यान आपल्या दुर्बिणींना दिसतच नाही. 'त्यांचं विज्ञान पुढचं आहे' एवढ्यावर सोडलंत तर तुमचा क्रू काहीही करू शकत नाही, आणि जिथे काही करता येत नाही तिथे लढाईच नाही. त्याऐवजी विचारा, त्यांची उष्णता कुठे जाते? एक उत्तर असं, की आपल्याकडची बाजू ते अतिथंड ठेवतात आणि सगळी उष्णता मागच्या बाजूने अरुंद झोतात फेकतात. तात्त्विकदृष्ट्या यात काही गैर नाही. मग आपल्या क्रूला काम मिळतं: छोटी अवरक्त दुर्बीण-यानं लांबलांब पेरायची आणि त्यांतलं एखादं त्या झोतात येण्याची वाट पाहायची. पेरताना या छोट्या यानांच्या इंजिनांचा उजेड शत्रूला दिसू नये म्हणून ती थंड वायूच्या ढकलीने सोडायची. ढकल दर सेकंदाला काही मीटरची, म्हणून हजार किलोमीटर जायला दिवस लागतात. दहा मीटर प्रति सेकंद धरलेत तर सव्वा दिवसाहून थोडं कमी. तेवढा वेळ यानावर काय चालतं ते लिहा. दुसरं उत्तर, उष्णता साठवतात. मग त्यांनाही कधीतरी ती ओकावीच लागेल, आणि ती वेळ ओळखणं हाच डाव. तिसरं, उष्णता नाहीशीच करतात. हे लिहू नका असं मी म्हणणार नाही, पण ज्यांना ते जमतं त्यांना अमर्याद फुकट ऊर्जाही जमते. ते आपल्या यानाशी लढत का बसतील, याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

लेसरबद्दल तुम्ही लिहिलंत की 'प्रकाशाच्या वेगाचं शस्त्र, नेम धरला की खेळ खलास'. दोन गोष्टी आड येतात. पहिली, झोत पसरतो. एक मायक्रॉन तरंगलांबी आणि चार मीटरचा आरसा घेतला तर हजार किलोमीटरवर ठिपका सुमारे ६० सेंटिमीटरचा, लाख किलोमीटरवर ६० मीटरचा. अंतर शंभरपट, तीव्रता दहा हजारांश. कवच कापणारा लेसर तिथे नुसता दिवा होतो. (शत्रूच्या दुर्बिणी आंधळ्या करायला मात्र तो दिवाही पुरतो, हे लेखक विसरतात.) दुसरी गोष्ट, उशीर. तीस लाख किलोमीटरवरचं यान तुम्हाला दिसतं ते दहा सेकंदांपूर्वीचं, आणि तुमचा झोत पोचायला आणखी दहा सेकंद. या वीस सेकंदांत १ जी त्वरणाने (म्हणजे पृथ्वीवर पडणाऱ्या वस्तूइतक्या त्वरणाने) ते जवळजवळ दोन किलोमीटर सरकलेलं असतं. पण त्याच्या इंजिनाची ताकद एक शतांश जी एवढीच असेल तर फक्त वीस मीटर. दोनशे मीटर लांबीचं यान वीस मीटर सरकून काय चकवणार?

आणि १ जीने चकवाचकवी करणं महाग पडतं. तासभर ती चालली तर ३५ किलोमीटर प्रति सेकंद इतका वेगबदल खर्च होतो. दिशा उलटसुलट असल्या तरी इंधनाला त्याचं काही देणंघेणं नाही. निकास वेग, म्हणजे इंजिनातून मागे फेकल्या जाणाऱ्या झोताचा वेग, ३० किलोमीटर प्रति सेकंद धरला, तर सुरुवातीच्या वजनाचे दोन तृतीयांशाहून अधिक इंधन त्या एका तासात जातं. शिवाय हजार टनांच्या यानाला असं त्वरण द्यायला झोताची शक्ती लागते १४७ गिगावॅट. त्यातली एक टक्का उष्णता जरी यानात राहिली तरी १३०० केल्विनवर चालणारी, दोन्ही बाजूंनी उष्णता फेकणारी साडेचार हजार चौरस मीटरची रेडिएटर हवीत. तेवढं शीड उभारून कोण गोळ्या चुकवणार? म्हणून माझ्या लेखात जलद वळणारी, झेपावणारी लढाऊ विमानं नव्हती. ती वातावरणातली सवय आहे, पंखांना हवा लागते.

क्रूबद्दलचा आक्षेप मला सगळ्यात रंजक वाटला, कारण तिथे तुमचं अर्धं म्हणणं पटतं. सेकंदांतले निर्णय यंत्रंच घेणार. येणाऱ्या क्षेपणास्त्रावर कुठला लेसर कधी वळवायचा, हे माणसाला विचारत बसायला वेळ नाही. माणूस लागतो तो लढाईच्या आधीच्या कित्येक तासांत आणि फटका बसल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत. कॅप्टनचं खरं काम गोळीबाराच्या आधी झालेलं असतं: किती इंधन परतीसाठी राखायचं, कुठल्या क्षणानंतर माघार अशक्य, रेडिएटर कधी मिटायचे. एकदा एका मार्गाला लागलं की पुढचे कित्येक तास तो बदलता येत नाही, हे डोळ्यांसमोर असताना दिलेला हुकूम वाचायला थरारक नसेल तर तो दोष आकड्यांचा नाही.

फटका बसल्यानंतर काय होतं, याचं खरं उदाहरण युद्धातलं नाही. २५ जून १९९७ रोजी 'मीर' या रशियन अंतराळ स्थानकावर हाताने नियंत्रित जोडणीचा प्रयोग चालू असताना 'प्रोग्रेस' मालवाहू यान 'स्पेक्टर' या विभागावर आदळलं. हवा गळू लागली. उपाय सोपा: मधलं दार बंद करायचं. पण दारातून केबल गेल्या होत्या. सोयीसाठी आरपार टाकलेल्या या केबल काढल्या, कापल्या, तेव्हा कुठे झाकण बसलं. त्यातल्याच काही केबलमधून स्पेक्टरच्या सौरपट्ट्यांची वीज येत होती, त्यामुळे स्थानकाची जवळपास निम्मी वीज गेली. धक्क्याने स्थानक फिरू लागलेलं. सौरपट्ट्या सूर्यापासून वळल्या, बॅटऱ्या रिकाम्या झाल्या. फिरण्याचा वेग मोजायला यंत्र चालू नव्हतं, तेव्हा स्थानकावरचे अंतराळवीर मायकल फोल यांनी खिडकीशी अंगठा धरून ताऱ्यांच्या सरकण्यावरून अंदाज बांधला, आणि स्थानकाला जोडलेल्या 'सोयुझ' या प्रवासी यानाची इंजिनं चालवून फिरणं आवरलं. संगणक मेला की माणूस कशाला लागतो, त्याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

तुमच्या यानासाठी यातून सरळ नियम निघतो: लढाईच्या तयारीत कुठल्याही दारातून केबल किंवा होस जाणार नाही, जायचीच असेल तर दाराच्या दोन्ही बाजूंना हाताने झटक्यात सुटणारी जोडणी. आणि मग हा नियम कुणीतरी मोडलेला असू द्या.

गळतीचं गणितही लिहिणाऱ्यांना फार छळतं. भोक पडलं की माणसं बाहेर खेचली जातात, असं चित्र रूढ आहे. शंभर घनमीटर खोलीला एक चौरस सेंटिमीटरचं भोक पडलं, तर हवेचा दाब निम्मा व्हायला तासभर तरी लागतो. वेळ आहे, पण भोक सापडत नाही, ही अडचण. ते कपाटामागे, इन्सुलेशनखाली असतं आणि पंख्यांच्या आवाजात शीळ ऐकू येत नाही. पद्धत अशी: पंखे बंद, एकेक दार लावायचं, दर वेळी थांबून कुठल्या बाजूचा दाब उतरतोय ते पाहायचं. ऑगस्ट २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर असंच शोधत शोधत जोडलेल्या सोयुझमधलं जेमतेम दोन मिलिमीटरचं भोक सापडलं आणि इपॉक्सीने बुजवलं. मोठं भोक पडलं तर मात्र शुद्ध हरपायला दहा-पंधरा सेकंद पुरतात. १९७१ मध्ये सोयुझ ११ चे तिघे अंतराळवीर परतताना एक झडप उघडल्याने गेले. त्यांच्या अंगात दाबसूट नव्हते. तेव्हा लढाईत सूट अंगावर, हेल्मेट हाताशी, एवढं तरी लिहाच.

शेवटी तुमचा छोटा प्रश्न: शेजारी अणुबॉम्ब फुटल्यावर यान हादरतं असं लिहिलं तर चालेल का? हवेची लाट नसते, त्यामुळे लांबवर हादरा नाही. एक मेगाटनचा स्फोट शंभर किलोमीटरवर झाला तर दर चौरस मीटरला जास्तीत जास्त ३३ किलोज्यूल पोचतात, म्हणजे पृथ्वीजवळच्या चोवीस सेकंदांच्या उन्हाइतके. फरक एवढाच की बहुतेक ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपात, क्षणार्धात येते. उघड्या दुर्बिणी आणि इलेक्ट्रॉनिक्स आधी जातात. दहा किलोमीटरवर हाच आकडा शंभरपट होतो. कवचाचा वरचा पातळ थर वाफ होऊन उडतो आणि त्या वाफेच्या उलट्या धक्क्याने यानाला खरोखर हिसका बसतो. तेव्हा हादरा हवाच असेल तर स्फोट जवळ आणा, आणि आधी दुर्बिणींवर झाकणं ओढायला कुणाला तरी सांगा.