दार आतून उघडलं

काल कट्ट्यावर नानांनी पुन्हा तीच टेप लावली. “या देशाला एक मुसोलिनी पाहिजे. गाड्या कशा वेळेवर धावतील!” त्यांची लोकल पाऊण तास उशिरा आली होती.

वंदनाने चहाचा ग्लास खाली ठेवला. ती शाळेत इतिहास शिकवते, आणि तोंडावर बोलते.

“तुमचा मुसोलिनी सत्तेवर गाडीनेच आला, नाना. इटली, ऑक्टोबर १९२२. त्याचे काळे शर्टवाले रोमबाहेर पावसात भिजत उभे, कित्येकांकडे धड बंदुका नाहीत. साहेब मिलानहून रात्रीच्या गाडीत झोपून आले. मार्शल लॉचा हुकूम पंतप्रधान फाक्टांनी तयार ठेवला होता, राजाने सहीच केली नाही. निवडणुकीत पस्तीस जागा मिळवलेल्या माणसाला बोलावून पंतप्रधान केलं.”

“जर्मनीत तर लोकांनीच दिला ना निवडून? नोटा हातगाडीतून न्याव्या लागायच्या. माणूस पिसाळणारच!”

“हातगाड्या १९२३ च्या. १९२८ ला हिटलरला शंभरात तीन मतंही नव्हती. मग मंदी आली, साठ लाख लोक बेकार झाले, आणि चान्सलर, म्हणजे पंतप्रधान, ब्रूनिंगचं सरकार पगार नि बेकारभत्ता कापत बसलं. तेव्हा मतं फुगली. तरी १९३२ च्या नोव्हेंबरात २३० जागांच्या १९६ झाल्या. अशा घसरणीला लागलेल्या माणसाला चान्सलर करा, म्हणून माजी चान्सलर पापेनने राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गकडे शब्द टाकला. याला आपण खिशात ठेवू, असं वाटलं त्याला.”

“खिशात!” दिलीप उसळला. “नानांनी सोसायटीत सेक्रेटरी असाच आणला. ‘पोरगा आपल्या ऐकण्यातला आहे.’ आता गच्चीची चावी नानांनाच मिळत नाही.”

“त्याचा इथे काय संबंध? तू आधी थकलेला मेंटेनन्स भर!”

झालं. टाकीची गळती, पार्किंगची जागा, दिलीपच्या लग्नात न मिळालेली जिलबी, सगळं निघालं. वंदना थांबली नाही, आणि मला तेच हवं होतं.

“२३ मार्च १९३३. संसदेची इमारत जळालेली, म्हणून बैठक क्रोल ऑपेरात. मतदान कशावर, तर हिटलरच्या सरकारला संसदेविना कायदे करू द्यायचे का. आत गणवेशातली पोरं पहारा देतायत. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात नाहीतर फरार. अशात सोशल डेमोक्रॅट पक्षाचा नेता ओटो वेल्स उठून म्हणाला, आमचं स्वातंत्र्य घ्या, जीव घ्या, अब्रू घेता येणार नाही. ४४४ विरुद्ध ९४. ते चौऱ्याण्णवही सगळे त्याच्याच पक्षाचे. बाकीच्या सभ्य, देवभिरू पक्षांनी होकार दिला. त्या चौऱ्याण्णवांचं शिकवताना दर वर्षी माझा घसा दाटतो.”

ऐकताना माझाही दाटला. दार फोडून कोणी आत आलं नव्हतं, घरातल्या मोठ्यांनीच कडी काढली होती. नाना गाड्यांचं कौतुक करतात तेव्हा मला म्हणूनच राग येतो.

कट्टा गप्प होता. मग नाना हळूच म्हणाले, “चौऱ्याण्णव... आमच्या वार्षिक सभेला तेवढे लोकसुद्धा जमत नाहीत.”

“मग पुढच्या सभेत तुम्हीच उठा की विरोधात!”

“उठतो! पण आधी ती चावी मिळवा रे कोणीतरी. चार दिवस माझे पापड वर अडकलेत!”

दिलीपच्या नाकातून चहा आला.