बॉडीचं पोट हलतंय

काल स्क्रीनिंगला माझ्या पुढच्या रांगेतला एक पोरगा मैत्रिणीला म्हणाला, "बघ बघ, बॉडीचं पोट हलतंय," आणि ती अशी फिसकन हसली की अख्ख्या रांगेला कळलं. ती बॉडी म्हणजे मी. आणि पोट हलणारच ना, जिवंत आहे मी!

तर झालं असं की माझा भाचा आणि त्याची कॉलेजची सात टाळकी ४८ तासांत शॉर्ट फिल्म करायच्या एका स्पर्धेत उतरली. हे खूळ २००१ साली तिकडे वॉशिंग्टनमध्ये निघालं आणि आता जगभर पोरं त्यापायी जागरणं करतात. शुक्रवारी संध्याकाळी चिठ्ठी काढायची, निघेल तो जॉनर, म्हणजे फिल्मचा प्रकार, घ्यायचा, वर एक पात्र, एक वस्तू आणि एक वाक्य सगळ्या टीमना सक्तीचं, म्हणजे कोणी आधीच करून ठेवलेली फिल्म आणून खपवू नये. रविवारी संध्याकाळी जमा करायची, उशीर झाला की बाद. पोरांना निघाली रहस्यकथा, वस्तू कुकर, वाक्य "असं चालत नाही हो". रहस्य म्हटलं की खून आला, खून म्हटलं की प्रेत आलं, आणि प्रेत म्हटल्यावर सगळ्यात आधी मामाच का आठवावा हे मला अजून कळलेलं नाही.

आधी त्यांना चौपाटीवर शूट करायचं होतं, पण तिथे परवानगी लागते आणि ती काही शुक्रवारी रात्री अकराला मिळत नाही, म्हणून लोकेशन झालं आमची गिरगावातली चाळीतली खोली. "मामा, तू फक्त पडायचंस. डायलॉग नाही, काही नाही. तासाभराचं काम."

शनिवारी सकाळी दहाला मी पडलो. उठलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

ऑक्टोबरचा उकाडा आणि पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो. मग कॅमेऱ्यावाल्याला स्क्रीनवर पट्टे दिसायला लागले. तो म्हणे ट्यूबलाइटमुळे होतं, आपली वीज ५० हर्ट्झची आणि कॅमेऱ्याचं शटर ४८ वर, ते ५० वर आणलं की पट्टे जातात. मग आण ना बाबा! त्या मेनूतला तो आकडा शोधायला पाऊण तास लागला. तोवर मी मेलेलोच. मग साउंडवाली मुलगी म्हणाली, आता रूम टोन घेते, तीस सेकंद कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. रूम टोन म्हणजे खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची, एडिटिंगमध्ये भोकं बुजवायला. गिरगावात शांतता! पहिल्या खेपेला पारवे, दुसऱ्या खेपेला भंगारवाला, तिसऱ्या खेपेला शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या. आमचा सक्तीचा कुकर मात्र ओट्यावर गप्प बसून होता, त्याला फक्त दिसायचं होतं.

आणि चौथ्या खेपेला दारातून आवाज आला, "कोण गेलं?"

हे आमचे दोन खोल्या पलीकडचे काका. वय अठ्ठ्याहत्तर. प्रत्येक चाळीत एक माणूस असतो ज्याला मयत झालं की पहिला निरोप जातो. तो येतो, शर्टाच्या बाह्या सरसावतो, आणि नातेवाईक रडत असताना मडकं, बांबू, गोवऱ्या, पास, सगळं एकटा बघतो. आमच्याकडे ते काका. गेली चाळीस वर्षं चाळीतली एकही तिरडी त्यांच्या हाताशिवाय बांधलेली नाही. माझ्या आजोबांची त्यांनीच बांधली, वडिलांचीही. माणूस फार उपयोगाचा, नाही म्हणत नाही मी. पण काही माणसं फक्त गरजेलाच बरी असतात.

काका आत आले, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"बाळ्या, हे काय?"

"काका, शूटिंग आहे. मी मेलोय."

"असा?" काका म्हणाले. "असं चालत नाही हो. पाय कुठे केलेस? पाय दक्षिणेला लागतात."

भाचा म्हणाला काका, खून झालाय, तो जसा पडला तसा पडलाय. काकांना ते पटलं नाही. खून झाला म्हणून काय दिशा बदलते का? शेवटी त्यांनी आणि कॅमेऱ्यावाल्याने मला सतरंजीसकट गोल फिरवलं, त्यामुळे लाइट परत लावावे लागले. मग काकांनी घरून सुतळी आणली आणि माझ्या पायाचे अंगठे एकत्र बांधले. आवळून. सवयीने. मग म्हणाले, नाकात कापूस नाही? मी म्हटलं काका, मी श्वास कशाने घेऊ? तर म्हणाले, "तेच तर. तू श्वास घेतोस इथेच सगळं चुकतंय."

पोरं एव्हाना खूश. ती दिग्दर्शक मुलगी तर वहीत लिहून घ्यायला लागली. काका माझ्याभोवती फेऱ्या मारत एकेक दोष काढत होते. चेहऱ्यावर घाम आहे, मेलेल्याला घाम येत नाही. भुवई ताणलेली आहे. आणि मग जरा दूर जाऊन, मान तिरकी करून, "बाळ्या, मेलेला माणूस इतका वैतागलेला दिसत नाही रे. तुझे वडील बघ. काय शांत दिसत होते."

आता यावर काय बोलायचं? डोळे मिटून पडलो. डोळे मिटल्यावर ऐकू आलं, काका कॅमेऱ्यावाल्याला सांगत होते, "साडेपाच फूट असेल. पण पोट आहे, चार माणसांना जड जाईल. सहा लागतील."

पडल्या पडल्या मला फाळके आठवत होते. दादासाहेबांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याची वाढ चित्रित केली, रोज थोडी थोडी, महिनाभर. एका वाटाण्याला महिना! त्याला कोणी म्हटलं नसेल, हलू नकोस. आणि पुढच्या वर्षी ३ मे १९१३ ला जो 'राजा हरिश्चंद्र' इथे आमच्याच गिरगावात कोरोनेशन थिएटरला लागला, त्यातलं मरणारं पोर फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. म्हणजे प्रेत घरातलंच घ्यायची रीत जुनी आहे. पण ते पोर निदान शेवटी उठून तरी बसतं, मला कुठला देव प्रसन्न व्हायला!

दुपारी पाचला कोणाच्या तरी लक्षात आलं की सक्तीचं वाक्य राहिलं. ज्याला बोलायचं होतं तो इन्स्पेक्टर झालेला पोरगा क्लासला निघून गेलेला. सगळ्यांनी एकदम काकांकडे पाहिलं. काका दिवसभर तेच बोलत होते. त्यांना दारात उभं केलं, माइक वर धरला, आणि त्यांनी माझ्या प्रेताकडे बघून "असं चालत नाही हो" असं काही म्हटलं की पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका टेकमध्ये. मी सत्तावीस टेक मेलो, मला कोणी टाळी वाजवली नाही.

बटाटेवडे मी आणले, दोन वेळा. लाइटचं डिपॉझिट मी भरलं, त्यातले आठशे अजून आलेले नाहीत. वायरी चिकटवायला भिंतीला टेप लावली होती, ती ओढताना तळहाताएवढा ऑइलपेंट सोलून निघाला. टेप हळू काढायची असते हे काय कॉलेजात शिकवत नाहीत? रविवारी संध्याकाळी भाच्याचा मेसेज आला, "अपलोड झालं, चार मिनिटं आधी!!!" खाली सहा हृदयं. भिंतीबद्दल काही नाही.

तर काल ते स्क्रीनिंग. पोट हललं, लोक हसले, ठीक आहे. शेवटी नावं आली. दिग्दर्शन, छायांकन, ध्वनी, मग स्वतंत्र पाटीवर मोठ्या अक्षरात काकांचं पूर्ण नाव, खाली "अभिनय व अंत्यविधी सल्लागार". मी आपला माझं नाव शोधतोय. अगदी शेवटी, कुठल्याशा वडापाववाल्याच्या खाली, "विशेष आभार: मामा". मामा! कोणाचा मामा? त्या हॉलमधले निम्मे पुरुष कोणाचे ना कोणाचे मामा असतील. भाच्याला म्हटलं तर म्हणतो, "अरे मामा, फिल्मची फायनल फाइल बनवायला लावली तेव्हा पहाटेचे चार वाजले होते, तुझं पूर्ण नाव आठवेना."

आज सकाळी गॅलरीत ब्रश करत होतो. काका पेपर घेऊन समोर. काल स्टेजवर बोलावलं होतं त्यांना, चेहऱ्यावर अजून तेज. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

"बाळ्या, ती माझी सुतळी तुझ्याकडेच राहिली."

"देतो आणून," मी म्हटलं.

"नको, असू दे तुझ्याकडे," काका म्हणाले आणि पेपराचं पान उलटलं. "फक्त जपून ठेव. लागते."