हे भोक कोणाचं?

गेली चौदा वर्षं सीसीटीव्ही, इंटरकॉम आणि नेटवर्कची कामं करतोय, त्यामुळे बिल्डिंगच्या तपासण्या भरपूर बघितल्यात. साहेब येतात, मीटर रूममध्ये जातात, अर्थिंग बघतात, मेगरचं (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) रीडिंग विचारतात, आरसीसीबीचं (करंट लीक झाला की लाइन तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबतात, वायरिंगवाल्याचं लायसन मागतात. सगळं कसं रीतसर. मग आमच्या रॅकपाशी आले की "कॅमेऱ्याचं ना? लो व्होल्टेज आहे, राहू द्या." झालं, संपली तपासणी!

आता 1956 च्या जुन्या वीज नियमांत लो व्होल्टेज म्हणजे 250 व्होल्टपर्यंत होतं, म्हणजे घरातलं 230 सुद्धा लोच. आमचं 12, 24, 48 व्होल्ट तर त्याच्याही खाली, मग त्याला कोण विचारतो.

शॉकची भीती नाही हे मान्य, पण तापण्याचं काय? पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज, आलं तेव्हा एका केबलमधून 15.4 वॅट जायचे, आता नव्या स्टँडर्डमध्ये 90 पर्यंत जातात, आणि आम्ही शंभर केबलींचा जुडगा टायने करकचून आवळून फॉल्स सीलिंगमध्ये फेकणार, मधल्या केबलीला वाराच नाही. त्यात केबल सीसीए (तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम) असेल तर बघायलाच नको. ब्लेडने जरा खरवडा, वरून तांबं आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. 305 मीटरचा बॉक्स उचलला तरी हलकेपणा हाताला कळतो. आजपर्यंत एकाही साहेबाने माझ्याकडे ब्लेड मागितलेलं नाही. (सुरुवातीला दोन सोसायट्यांत मी पण सीसीए टाकलीय, खोटं कशाला बोलू, सगळ्यात कमी कोटेशनवाल्यालाच काम मिळतं ना.)

पण माझं खरं दुखणं वेगळंय. डक्ट, म्हणजे केबली खालून वर न्यायची उभी पोकळी. नॅशनल बिल्डिंग कोड 2016 मध्ये स्पष्ट आहे की इलेक्ट्रिक केबलच्या डक्टमध्ये टेलिफोन, इंटरकॉमच्या लाइनी नकोत आणि प्रत्येक मजल्यावर डक्ट आग अडवणाऱ्या मटेरियलने सील पाहिजे. कारण साधंय, उघडी डक्ट म्हणजे धुराला चिमणी. खाली मीटर पेटले की बाराव्या मजल्यावरच्या माणसाचा जीव गुदमरतो. जानेवारी-जुलैचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट) सगळे भरतात, हूटर वाजतो, पंप चालू होतो, डक्टचं दार मात्र कुणी उघडत नाही.

एकदाच एक फायर ऑफिसर असा भेटला. सातव्या मजल्यावर डक्टचं दार उघडलं, टॉर्च मारली, आणि स्लॅबमधल्या भोकात मनगटापर्यंत हात घातला. "हे भोक कोणाचं?" बिल्डरचा माणूस म्हणे इंटरकॉमवाल्याचं. इंटरकॉमवाला म्हणे केबल टीव्हीवाल्याचं. मी म्हणालो आम्ही आलो तेव्हा होतंच, जे अर्धंच खरं होतं, कारण मोठं आम्हीच केलेलं. साहेब काही बोलले नाहीत, फक्त हात तसाच भोकात ठेवून आमच्याकडे बघत राहिले. आठ दिवसांत बाराही मजले सील करून द्या म्हणाले, तोवर सही नाही.

केलं. पदरचे पैसे घालून फायर सीलंट आणलं, दोन पोरं लावली, फोटो काढून पाठवले, सही झाली.

पुढच्याच महिन्यात कॅमेरा दुरुस्तीला गेलो तर फायबरवाल्याने त्याच सीलंटमधून सळई खुपसून केबल वर नेलेली. बाराही मजले.