जुनी पिकअप घेताना आधी चासी आणि कागद पाहा

सातारा, कराड, सांगली या पट्ट्यात जुन्या पिकअप गाड्या घेऊन त्या पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस अलीकडे वाढली आहे आणि मला तिचा मनापासून आनंद वाटतो. महिंद्राच्या जीपवर हौदा बांधलेल्या गाड्या, टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९८८ मध्ये आणलेली टाटामोबाइल २०६, तिच्यानंतरची २०७, क्वचित कोणाच्या गोठ्यामागे उभी असलेली फॉरवर्ड कंट्रोल (इंजिनावरच केबिन असलेली जीप), या साऱ्या भंगारात जाऊ नयेत असे मला फार वाटते. मात्र पहिल्यांदा गाडी घेणारे बहुतेक जण रंग आणि इंजिनाचा आवाज यांवर सौदा ठरवतात, आणि माझ्या मते पैसे बुडतात ते तिथेच. इंजिन पुन्हा बांधता येते, रंग तर कोणीही मारून देतो. पण कुजलेली चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) आणि अडकलेला कागद यांतून वाट काढणे चांगल्या मिस्त्रीलाही जमत नाही आणि ओळखीच्या एजंटालाही.

विसार देण्यापूर्वी मूळ आर. सी. बुक हातात घ्यावे, झेरॉक्सवर समाधान मानू नये. चासीवर नंबर ठोकलेला असतो, तिथले ग्रीस आणि माती डिझेलच्या फडक्याने पुसून काढावी, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा आणि तो पुस्तकातील नंबराशी एकेक अक्षर लावून पाहावा. नंबराभोवतीचा पत्रा ग्राइंडरने घासलेला दिसला, अक्षरे एका ओळीत नसली किंवा तिथेच नवा वेल्डिंगचा माल दिसला, तर किंमत कितीही कमी असली तरी परत फिरावे. या एका बाबतीत मी कोणालाही सवलत देणार नाही.

आपल्याकडे याहून जास्त आढळणारी अडचण म्हणजे गाडी अजून आजोबांच्या नावावर असते, आजोबा हयात नसतात आणि व्यवहार करायला एकटा नातू पुढे येतो. अशा वेळी आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर झाली पाहिजे आणि इतर वारसांची संमती लेखी मिळाली पाहिजे. त्यानंतरच विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० यांना अर्थ येतो. दुसरी अडचण जुन्या कर्जाच्या बोज्याची. पुस्तकावर एखाद्या पतसंस्थेचे नाव चढलेले असते, कर्ज केव्हाच फिटलेले असते, पण बोजा उतरवलेला नसतो आणि दरम्यान संस्थाच अवसायनात (बंद करण्याच्या प्रक्रियेत) गेलेली असते. मग अवसायकाकडून दाखला आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळवण्याचे काम विकणाऱ्याचे आहे, ते त्याच्याकडूनच पूर्ण करून घ्यावे. ‘नंतर बघू’ या शब्दावर पैसे मोजू नयेत. हाताने लिहिलेली जुनी पुस्तके असलेल्या गाड्या कधी कधी संगणकावर दिसतच नाहीत. त्यांची बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवणे, मूळ आरटीओ कार्यालयातून करून घ्यावी लागते. आज एमएच ५० असलेल्या कराड भागातील जुन्या गाड्यांसाठी साताऱ्याच्या कार्यालयापर्यंत जाण्याची तयारी ठेवावी.

नोंदणीची मुदतही तितकीच महत्त्वाची आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते, त्याबरोबर पर्यावरण कर येतो. मालवाहू म्हणून नोंदलेल्या जुन्या गाडीला मात्र दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो, आणि बऱ्याच पिकअप मालवाहू म्हणूनच नोंदलेल्या असतात. सरकारी खात्याच्या नावावर असलेली जीप स्वस्तात मिळते असे कोणी सांगितले तर अधिक सावध राहावे, कारण १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद आहे. ‘विंटेज’ म्हणून चढा भाव सांगणाऱ्यालाही नियम विचारावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, खाजगी वापराची आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच त्या नोंदणीस पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे, आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा मोजक्या कारणांखेरीज रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे टाटामोबाइल अजून त्या वयाची झालेलीच नाही, आणि जिला रोज शेतात न्यायचे आहे तिच्यासाठी हा मार्गच नव्हे.

आता गाडीकडे वळू. ती कोणत्या गावात वापरली गेली, हे मी किलोमीटरच्या आकड्याआधी विचारतो. महाबळेश्वर, पाटण, कोयनेकडच्या पावसात राहिलेल्या गाडीचा पत्रा आणि माण, खटाव, आटपाडी, जत इथल्या कोरड्या हवेतील गाडीचा पत्रा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. दुष्काळी भागातील गाडीचा रंग उडालेला असेल, रबरे तडकलेली असतील, पण चासी बहुधा शाबूत निघते, तीच घ्यावी. हौद्याखालची आडवी पट्टी, केबिनच्या माउंटिंगच्या जागा आणि मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर जिथे चासीला बसतात ती जागा हातोडीने हलके ठोकून पाहावी. खणखणीत आवाज येण्याऐवजी दबका आवाज आला किंवा पापुद्रे गळाले, तर वरच्या रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे असे समजावे. उसाच्या किंवा वाळूच्या वाहतुकीसाठी जादा पाटे चढवलेल्या गाडीत चासीला बारीक तडे असतात, ते बॅटरीच्या उजेडातच दिसतात.

सांगली, मिरज आणि कृष्णाकाठच्या गावांमधील गाडी असेल तर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराविषयी स्पष्ट विचारावे, आणि उत्तर काहीही आले तरी स्वतः पाहावे. चासीच्या पोकळीत, सीटच्या रुळांत, डॅशबोर्डच्या मागे वाळलेला बारीक गाळ सापडतो. डिफ्रन्शियलचे (मागच्या आसावरील दात्यांच्या पेटीचे) ऑइल थोडे काढून पाहिल्यास त्यात पाणी शिरले असेल तर ते दुधाळ दिसते. वायरिंगचे दुखणे पूर ओसरल्यावर वर्षे गेली तरी डोके वर काढत राहते.

इंजिनाच्या बाबतीत सर्वांत मोठा प्रश्न अदलाबदलीचा आहे. अनेक जुन्या पेट्रोल जीपमध्ये पुढे डिझेल इंजिने बसवली गेली, आणि त्यांची नोंद पुस्तकात झालेली नसते. इंजिन उत्तम चालत असले तरी नोंद नसलेला बदल बेकायदा ठरतो, विम्याचा दावाही त्यामुळे अडू शकतो. गाडी पाहायला सकाळी, आधी कळवून, पण ‘सुरू करून ठेवू नका’ असे सांगून जावे आणि पोहोचताच बॉनेटखाली हात लावून इंजिन थंडच आहे याची खात्री करावी. प्यूजोच्या जुन्या डिझेल इंजिनाला हीटर प्लग (सुरू करताना आतली हवा तापवणारा) लागतो, त्यामुळे थंडीत ते सुरू व्हायला वेळ घेत असेल तर लगेच कॉम्प्रेशनला (सिलिंडरमधील दाबाला) दोष देऊ नये, आधी प्लग तपासावेत. सुरू झाल्यावर निळा धूर सतत राहिला तर ऑइल जळत आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे असतील तर हेड गॅस्केटकडे (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांमधल्या पट्टीकडे) पाहावे.

सपाट रस्त्यावरची चक्कर पुरेशी नाही. साताऱ्यात असाल तर यवतेश्वर घाट चढवून पाहावा आणि दुसऱ्या गिअरमध्ये उतरवावा: चढताना क्लच, उतरताना ब्रेक आणि गिअर निसटणे, वळणांवर किंगपिन (पुढची चाके ज्यावर वळतात ती खीळ) आणि स्टेअरिंगचा प्ले (ढिलेपणा), सारे तिथे उघड होते.

ठरवलेले सर्व पैसे खरेदीत घालू नयेत. माझ्या मते अर्धी रक्कम टायर, ब्रेक, रबरे, वायरिंग आणि कागदांसाठी बाजूला असावी. व्यवहार झाला की ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून दोघांनी सह्या कराव्यात. घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करून घेण्याचा अर्ज केला पाहिजे. विकणाऱ्यालाही ते हिताचे आहे, कारण नोंदणीत ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. थर्ड पार्टी विमा संपलेला असेल तर तो आधी उतरवावा, मगच गाडी दारातून बाहेर काढावी.