‘पूर्वी कलाकाराला मान होता’: एका पेटीवाल्याचं उत्तर

चतुर्थीपासून एक मेसेज गोव्यातल्या भजनी ग्रुपांवर फिरतो आहे. फोंड्याच्या ग्रुपवर आला, डिचोलीच्या ग्रुपवर आला, मग मेव्हण्याने वाळपईहून तोच पुन्हा पाठवला. मजकूर थोडक्यात असा: पूर्वी संगीतकारांना मान होता आणि ज्याचं त्याला श्रेय मिळायचं. लोक तासन्तास तल्लीन होऊन ऐकायचे, आजच्या पोरांना तीस सेकंदही धीर धरवत नाही. आता माणूस गात नाही, यंत्र गातं. नवीन असं काही होतच नाही, सगळी जुन्याची उचलाउचल. आणि हे आम्ही म्हणत नाही, मोठे मोठे संगीतकारच म्हणतात. खाली हात जोडलेले, आणि लिहिणाऱ्याचं नाव नाही. श्रेयाबद्दल गळा काढणाऱ्या मजकुराला धनीच नसावा, हे मला फार आवडलं.

मी पेटीची साथ करतो, म्हणजे स्टेजवर कायम एका कडेला बसलेला असतो. तिथून जे दिसतं त्यावरून सांगतो. मेसेजमधला श्रेयाचा मुद्दा सगळ्यात खोटा आहे, म्हणून तो शेवटी घेतो.

आधी ऐकण्याचं. ‘पूर्वी लोक तल्लीन होऊन ऐकायचे’ म्हणणाऱ्याने वास्कोचा दामोदर सप्ताह पाहिलेला नसावा. तिथे रात्रंदिवस अखंड भजन चालतं आणि बाहेर रस्ताभर फेरी भरलेली असते. लोक खाजं घेतात, भांडी घेतात, पोरांना पाळण्यात बसवतात, मध्येच दोन अभंग ऐकतात आणि पुढे जातात. खांबाला टेकून पहाटेपर्यंत ऐकणारेही असतात, पण ते मोजकेच. हे काही आजचं नाही. संगीत नाटकातला श्रोता तर पद संपायच्या आत ‘वन्स मोअर’ ओरडून नाटक थांबवायचा. कथानकाचं काय होतं याची त्याला फिकीर नव्हती. हॉटेलातला आणि न्हाव्याच्या दुकानातला रेडिओ दिवसभर वाजायचा तो काय कोणी डोळे मिटून ऐकायचं म्हणून? अर्ध्या कानाने ऐकणं हा माणसाचा जुना धर्म आहे.

गाणी आखूड झाली म्हणाल, तर आपल्या गोव्याचंच उदाहरण घ्या. केरीच्या केसरबाई केरकरांचा एक राग मैफलीत तास-दीड तास सहज चालायचा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला मात्र तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. ग्रामोफोन आला तेव्हाच ख्यालाला कात्री लागली होती. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. साडेतीन मिनिटांची. ती ऐकून आजवर कोणी म्हटलेलं नाही की बाईंनी घाई केली. जितेंद्र अभिषेकीबुवांनी साठच्या दशकात ‘मत्स्यगंधा’पासून नाट्यपदांचा लांबच लांब पसारा आवरून ती आटोपशीर केली, तेव्हा नाट्यसंगीत मेलं नाही, उलट उठून बसलं.

मेसेजमधले तीस सेकंद मात्र अगदीच हवेतले नाहीत. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं असं मोजलं जातं. त्यामुळे गाण्याच्या सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा छाटायचा, गायकाला लगेच तोंड उघडायला लावायचं, असा कल झाला आहे. याचं मलाही वाईट वाटतं, कारण तो तुकडा हेच वादकांचं अंगण होतं. पण हा हिशेब कंपनीने बसवला. सतरा वर्षांच्या पोराने नव्हे. आणि तेच पोर यूट्यूबवर अभिषेकीबुवांची अख्खी मैफल पुन्हा पुन्हा लावून एखादी जागा घोटतं, हे मी शिकवणीत दर आठवड्याला बघतो. आमच्या गुरुजींच्या पिढीला ती मैफल ऐकायची तर मुंबईची बस धरावी लागायची.

यंत्राच्या मुद्द्यात फार दम नाही. बेसूर आवाज सुरात आणणारं ऑटोट्यून १९९७ साली बाजारात आलं. त्याच्या साठ वर्षं आधीपासून, १९३५पासून, पडद्यावर ओठ हलवणारा एक आणि गाणारा दुसरा ही व्यवस्था आपण आनंदाने मान्य केलेली आहे. यंत्राने नुकसान केलं ते वेगळंच. ऐंशी-नव्वदच्या दशकात सिंथेसायझर आले आणि मुंबईच्या स्टुडिओंतली व्हायोलिनवाल्यांची रांगच्या रांग घरी बसली. त्यात आपले गोंयकार किती होते ते सासष्टीतल्या कुठल्याही गावात विचारा. त्याबद्दल या मेसेजात एक अक्षर नाही. बेसूर गायकाला सुरात आणल्याचा राग येतो, वादकाची रोजी गेल्याचा येत नाही.

उचलाउचलीबद्दल बोलायचं तर मराठी संगीत रंगभूमी उभीच राहिली ती उसन्या चालींवर. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) रचताना कीर्तनातल्या, लावणीच्या, कानडी पदांच्या, मिळतील तिथल्या चाली घेतल्या. १९११च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या तेव्हा संगीत देणारा हा नाटककाराहून वेगळा माणूस असतो हे ठसलं, त्यांच्याही चालींत पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांचा रंग होताच. भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’ला (१९१६) सरळ रागदारीतल्या चिजा आणल्या. कोणी याला चोरी म्हणत नाही, आणि म्हणूही नये, कारण त्या नाटकांची छापील पुस्तकं उघडली तर पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ लिहून मूळ गाण्याचा मुखडा दिलेला असतो. घेतलं कुठून हे चार आण्याच्या पुस्तकातही छापायची त्यांना लाज वाटली नाही. आता आमच्याकडे बघा. अर्ध्या भजनी मेळांचे गजर सिनेमाच्या चालीवर असतात, स्पर्धेत त्यावर टाळ्याही पडतात, आणि चाल कोणाची हे माइकवरून कधी सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत त्याच मेळांचे बुवा आहेत.

‘मोठे संगीतकारच म्हणतात’ हे खरंच आहे. ते नेहमीच म्हणत आले आहेत. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर मराठी, गाण्याची जाण असलेले. सिनेसंगीत उथळ आणि पाश्चात्त्य वळणाचं म्हणून त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार झालं. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, तिथे त्याच वर्षी बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती काढून सरकारने सिनेसंगीत परत घरात घेतलं. जाणकारांनी तेव्हा ज्याला उथळ ठरवलं तेच संगीत या मेसेजचं सुवर्णयुग आहे! माझ्या पेटीचं तर विचारूच नका. तिच्यात श्रुती (सुरांमधले बारीक सूर) नाहीत, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरणं) नाही, ती परदेशी, ती आपलं गाणं नासवते, असं थोरामोठ्यांनी सांगितलं आणि १९४० साली आकाशवाणीने तिला दाराबाहेर काढलं. १९७१पर्यंत ती बाहेरच होती. आज पेटीशिवाय भजन लावून दाखवा.

आता श्रेय.

१९४९ला ‘महल’ आला. त्यातलं ‘आएगा आनेवाला’ देशभर गाजलं, आणि तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं, हा आवाज कोणाचा? तो होता मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांच्या मुलीचा. लताबाईंची ही तऱ्हा, तर त्यांच्या मागे बसलेल्या साठ-सत्तर वादकांची काय असेल?

ते काम कसं चालायचं हे ठाऊक नसलं की ‘ज्याचं त्याला श्रेय’ असं लिहून मोकळं होता येतं. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल बसवायचा. त्यांतल्या बऱ्याच जणांना पाश्चात्त्य नोटेशन लिहिता येत नसे. मग अरेंजर ती चाल कागदावर उतरवून व्हायोलिनं काय वाजवतील, चेलो काय धरेल, ट्रंपेट कुठे शिरेल, दोन कडव्यांमधल्या जागेत काय घडेल, गायिकेच्या ओळीखालून दुसरी कोणती ओळ वाहील, हे सगळं लिहायचा. या कामाला गोव्याचे ख्रिस्ती वादक पुढे होते, कारण पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून त्यांना लहानपणीच व्हायोलिन आणि नोटेशन शिकवलेलं असायचं. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतला तो भरगच्च व्हायोलिनांचा ताफा आपण ‘शंकर-जयकिशन यांचा साऊंड’ म्हणून ओळखतो. तो कागदावर लिहिणारा हात सेबास्तियन डिसोझा यांचा. नाव आलंच तर ‘सहायक’ म्हणून. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आपला बँड घेऊन पडद्यावरही दिसतात. चेहरा लोकांनी पाहिला, पण हा हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ हे किती जणांना कळलं? विविध भारतीवर गाण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार अशी तीन नावं सांगतात. उत्तम प्रघात आहे. चौथं नाव त्यात कधीच नव्हतं.

१९७७ हे एकच वर्ष घ्या. त्या वर्षी ‘अमर अकबर अँथनी’ आला आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव घराघरांत पोचलं. नायकाचं आडनाव आधी दुसरं ठरलं होतं; ते बदललं गेलं, कारण लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालना आपल्या व्हायोलिनच्या गुरूंची आठवण ठेवायची होती. खरे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. १९५८ला मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी शंभरावर वादकांचा वाद्यवृंद उभा करून स्वतःच्या रचना वाजवल्या होत्या, आणि त्यात गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. त्यांचं नाव देशाला कळलं ते अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभमुळे. २०१२मध्ये ते वारले. आजही ते नाव खऱ्या माणसाचं होतं म्हटल्यावर लोक हसतात.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सिनेमासाठी मोबदला घेऊन गाणं करवून घेतलं असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्काचा पहिला मालक निर्माता. संगीतकार नव्हे आणि गीतकारही नव्हे. गाणं रेडिओवर हजार वेळा वाजो, कर्त्याला कायद्याने पुढचा पैसा नाही. मेसेजच्या सुवर्णयुगाचा हा हिशेब. तो बदलला कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने. संगीतकार-गीतकारांचा रॉयल्टीतला वाटा आता करारातही कोणी लिहून घेऊ शकत नाही. फक्त चित्रपटगृहात सिनेमा दाखवण्यापुरता अपवाद आहे. गायक-वादकांनाही व्यापारी वापरावर रॉयल्टीचा आणि आपलं नाव लावून घेण्याचा हक्क मिळाला. म्हणजे ज्या काळात सगळं संपलं असं मेसेज म्हणतो, त्याच काळात पहिल्यांदा कायदा कलाकाराच्या बाजूला झुकला.

आणि १९७७चीच ती अवकाशातली तबकडी. तिच्या अधिकृत यादीत केसरबाईंचं नाव ‘सूरश्री’ या पदवीसकट आहे. दोनांपैकी नंतरचं यान सुटल्यावर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, बाई गेल्या. पण त्या भैरवीत त्यांच्यामागे साथ कोणी केली, हे त्या यादीत नाही. मानवजातीने अवकाशात पाठवलेल्या तबकडीच्या यादीतही साथीदार बिननावाचाच.

म्हणून आज सगळं छान आहे असं माझं म्हणणं नाही. रहमानच्या कॅसेटच्या आतल्या कागदावर बासरी कोणाची, गिटार कोणाची हे छापलेलं असायचं. आम्ही ते पाठ करायचो. तो कागद मोबाइलमध्ये गेला. ॲपमध्ये तीन ठिपके दाबून ‘क्रेडिट्स’ उघडावं तर जुन्या गाण्यांना अरेंजर क्वचितच सापडतो, वादक त्याहून क्वचित. तिथे नाव चढवणं पानाच्या मापात छापण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे, तरी ज्यांच्याकडे जुने रेकॉर्डिंगचे कागद आहेत त्यांना ते करावंसं वाटलेलं दिसत नाही.

कायद्याचंही अर्धंच काम झालंय. त्याच २०१२च्या दुरुस्तीत एक परंतुक आहे: सिनेमात ज्याचं काम किरकोळ किंवा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा कुठेच दिलं जात नाही, त्याला ‘कलाकार’ समजू नये. त्याच्या कामाची मोडतोड झाली तर तेवढी तक्रार तो करू शकतो, बाकी हक्क नाहीत. कोरसमधल्या बाईने किंवा दुसऱ्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याने आपलं काम किरकोळ नव्हतं हे आधी सिद्ध करायचं, आणि समोरचा वकील म्हणणार, किरकोळ नसतं तर नाव आलं नसतं का.