डीएनएची दुरुस्ती गोळी घेऊन वाढवता येते का?

‘डीएनएला इजा होते ती प्रदूषण, किरणे आणि रसायने यांमुळेच, अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी पेशींची दुरुस्तीक्षमता वाढवली की कर्करोग दूर राहतो, आणि हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे,’ असा मजकूर सध्या सर्वत्र फिरत आहे.

यातील पहिले विधान अर्धेच खरे आहे. अतिनील किरणांनी आणि तंबाखूच्या धुराने डीएनए बिघडतो, हे निर्विवाद आहे. परंतु पेशीतले पाणी आणि शरीराची ऊब एवढ्यानेही तो झिजत असतो. सस्तन प्राण्याच्या एका पेशीतून दररोज सुमारे १०,००० प्युरीन घटक (डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए आणि जी) आपोआप गळून पडतात, असा अंदाज शास्त्रज्ञ टॉमस लिंडाल यांनी १९७०च्या दशकात प्रयोगांवरून मांडला. ही झीज कितीही शुद्ध हवेत राहिले तरी टळत नाही. दुरुस्तीच्या यंत्रणांवरील संशोधनासाठी त्यांना पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांच्यासह २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

खरी गफलत दुसऱ्या विधानात आहे, कारण दुरुस्ती ही कमी-जास्त करण्याची गोष्ट नसून योग्य वेळी योग्य मार्ग निवडण्याची गोष्ट आहे. डीएनएचे दोन्ही धागे तुटले, तर पेशी एकतर शेजारच्या जुळ्या प्रतीवरून मजकूर उतरवून घेते, जे ती प्रत तयार झाल्यावरच शक्य असते, किंवा तुटलेली टोके थेट जोडते, ज्यात काही अक्षरे गहाळ होऊ शकतात. गुणसूत्राचे नैसर्गिक टोकही तुटलेल्या धाग्यासारखेच दिसते. त्यावरचे टीआरएफ२ हे प्रथिन काढून टाकले, की पेशी तत्परतेने ‘दुरुस्ती’ करते आणि गुणसूत्रे एकमेकांना चिकटतात. म्हणजे इथे जनुकसंचाचे स्थैर्य दुरुस्ती रोखण्यावरच अवलंबून असते. शिवाय दुरुस्ती कर्करोगाच्या गाठीच्याही कामी येते: मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा या कर्करोगात टेमोझोलोमाइड या औषधाने केलेली इजा एमजीएमटी हे प्रथिन पुसून टाकते, आणि ते भरपूर असलेल्या गाठींवर औषधाचा प्रभाव कमी पडतो.

‘प्रयोगशाळेत सिद्ध’ या शब्दांमागे बहुधा गॅमा-एच२एएक्सच्या, म्हणजे डीएनए तुटलेल्या जागी खूण म्हणून उमटणाऱ्या प्रथिनाच्या, ठिपक्यांची मोजणी असते. सूक्ष्मदर्शकाखाली हे ठिपके मोजत ज्यांनी रात्री काढल्या आहेत, त्यांना ठाऊक असते की ठिपका हा इजेचा इशारा असतो, इजा स्वतः नव्हे. म्हणून ठिपके कमी झाले याचा अर्थ दुरुस्ती पूर्ण झाली असाही होतो आणि इशारा देणारी यंत्रणाच मंदावली असाही होतो. त्यातच प्रयोग हेला पेशींवर, म्हणजे प्रयोगशाळांत सर्रास वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशींवर, असेल, तर त्यांतील पी५३ हे पहारेकरी प्रथिन विषाणूच्या प्रथिनामुळे आधीच निकामी झालेले असते, हे जाहिरातीत कोणी लिहीत नाही.

माणसांवरील चाचण्यांचे उत्तर तर याहून स्पष्ट आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९,००० पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. अमेरिकेत धूम्रपान करणारे आणि अॅस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले लोक यांना बीटा-कॅरोटीन व अ जीवनसत्त्व देऊन पाहिले गेले. ती चाचणी मुदतीच्या २१ महिने आधीच, जानेवारी १९९६ मध्ये, थांबवावी लागली.