बाक कुठे ठेवायचा, हे कोणाला विचाराल?

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. व्यसनमुक्ती केंद्रांनी पेशंटना समित्यांवर घेणं, बरे झालेल्यांना कामावर ठेवणं हे नवं खूळ आहे, असं त्याचं म्हणणं. ‘ज्याला स्वतःचा ग्लास सांभाळता आला नाही, तो दवाखाना काय सांभाळणार?’ असा सवाल, खाली चार मुद्दे आणि शेवटी जोडलेले हात. मी त्या ग्लासवाल्यांपैकीच, तेव्हा माझं मत तटस्थ नाही हे आधीच कबूल करतो.

‘नशेने बुद्धी गेलेल्या माणसाचं मत कशाला?’

दारू अचानक तुटली की हात थरथरतात, भास होतात, फिट येते, वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. त्या वेळी डॉक्टर लागतो, समिती नव्हे, आणि तेव्हा कोणी मत विचारतही नाही. पण ते दिवस मोजके. त्यानंतरचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. त्या काळात हाच माणूस नोकरी करतो, हिशेब ठेवतो, पोरांचा अभ्यास घेतो. फक्त केंद्राच्या दारातून आत आला की त्याची अक्कल जाते म्हणायची का?

मी ज्या केंद्राच्या बैठकांना बसायचो तिथली गोष्ट. हेरॉइनसारख्या अफूजन्य नशेच्या पेशंटना ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे तलफ आवरणाऱ्या औषधाची, गोळी जिभेखाली देत. ती न गिळता, विरघळेपर्यंत नर्ससमोर काही मिनिटं बसून राहायचं. बरेच जण डोस चुकवत. बैठकीत ‘इच्छाशक्ती कमी’ असं निदान झालं आणि समुपदेशनाचे तास वाढवायचं ठरू लागलं. तेवढ्यात पेशंटचा प्रतिनिधी म्हणाला, ‘मॅडम, बाक दारासमोर आहे.’ कोणालाच उलगडा होईना. ‘येणारा-जाणारा बघतो. तोंड घट्ट मिटून बसलेला माणूस कशाला आलाय, ते सगळ्यांना कळतं. परवा माझ्या मुलाच्या बाई समोरून गेल्या. मी दुसऱ्या दिवशी आलोच नाही.’

बाक आतल्या खोलीत गेला. त्यानंतर सगळे डोस वेळेवर होऊ लागले असं नाही, पण येणंच सोडलेले दोघे परत आले. त्या बाकासमोरून आम्ही सगळेच रोज जात होतो. त्यावर बसलेला मात्र तो एकटाच होता.

‘प्रशिक्षण नाही, अनुभव एवढंच भांडवल. आंधळ्यामागे आंधळा.’

१९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी बिल विल्सन आणि बॉब स्मिथ भेटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभं राहिलं, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी सभांमधून एकमेकांना आधार देण्याची चळवळ. गंमत म्हणजे यातले स्मिथ सर्जन होते. वैद्यकीचं शिक्षण असूनही त्यांची दारू सुटत नव्हती. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने या पद्धतीवरच्या २७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांत मिळून दहा हजारांवर लोक होते. पेशंटला पद्धतशीरपणे या सभांशी जोडून देणारे उपचार दारूपासून पूर्ण दूर राहणं टिकवण्यात इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले, बाकीच्या बाबतीत साधारण बरोबरीचे. स्वतः बरे होऊन केंद्रात पगारावर काम करणाऱ्यांबद्दलचा पुरावा मात्र अजून इतका भक्कम नाही, तेही सांगायला हवं.

आणि ही सगळी मंडळी नुसती धीर देत बसत नाहीत. १९८४ साली ॲमस्टरडॅममध्ये एका औषधदुकानाने सुया विकणं थांबवलं. आता एकच सुई दहा जण वापरतील आणि हिपॅटायटिस बी पसरेल, ही धोक्याची घंटा वाजवली नशा करणाऱ्यांच्याच संघटनेने. त्यातून नगरपालिकेच्या आरोग्य खात्यासोबत सुया बदलून देण्याची योजना सुरू झाली. अमेरिकेत नॅलोक्सोन, म्हणजे अफूजन्य ओव्हरडोस उलटवणारं औषध, १९९६ ते २०१४ च्या मध्यापर्यंत दीड लाखावर सामान्य लोकांच्या हाती दिलं गेलं आणि त्यांनी २६,४६३ ओव्हरडोस उलटवल्याची नोंद आहे. त्यांतले बरेचसे स्वतः नशा करणारे. शेजारी निळा पडत चाललेला मित्र त्यांनाच आधी दिसतो.

तरीही मेसेजवाल्याच्या या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते मी आमच्याच माणसांना सुनावतो. ‘मी असं सोडलं, तूही असंच सोड’ हे आमच्या तोंडचं सगळ्यात घातक वाक्य. कोणी गोळीवर सावरत असेल, तर ‘एक नशा सोडून दुसरी धरलीस’ म्हणणारे आमच्यातच निघतात. त्या भरात गोळी सोडून पुन्हा जुन्या मापाने नशा केली तर जीव जाऊ शकतो, कारण मधल्या काळात शरीराची सवय उतरलेली असते. म्हणून प्रशिक्षण हवंच, आणि डोस ठरवणं डॉक्टरांकडेच हवं.

‘दोन व्यसनी एकत्र आले की पुन्हा पिणार.’

अड्ड्यावर, हो. पण वॉर्डात, ग्रुपमध्ये ते एकत्र असतातच. तिथे तुम्हीच बसवता की त्यांना!

‘सगळा दिखावा आहे.’

बऱ्याच ठिकाणी आहे. वीस जणांत एक पेशंट, कागद हातात पडतात त्याच सकाळी, येण्याजाण्याचा खर्च नाही, आणि ज्यांच्याविरुद्ध बोलायचं त्यांच्याच हातात उद्याचा डोस. अशा खुर्चीत कोण तोंड उघडेल? म्हणून निदान दोघे तरी हवेत, कागद आठवडाभर आधी हवेत, वेळेचे पैसे हवेत आणि सूचनेला लेखी उत्तर हवं. शिवाय केंद्राच्या पगारावर नसलेला एखादा जुनाजाणता सोबतीही हवा, जो तक्रार लिहायला मदत करेल आणि पेशंटसोबत साहेबांच्या केबिनपर्यंत जाईल. दिखावा आहे म्हणून पेशंटला उठवा, हे औषध मात्र मला पटत नाही.

माझ्या पहिल्या बैठकीत मी दहा-बारा मिनिटं बोललो होतो. इतिवृत्तात ओळ आली, ‘पेशंट प्रतिनिधींनी विचार मांडले.’ पुढच्या बैठकीत मी एवढंच म्हणालो, की कोणते ते लिहा. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग चिटणीस बाईंनी पेन उघडलं.